तारकर्लीला जाताय? एक दिवस वाढवा

दिवाळीची सुटी जवळ आली, की आमच्या दवाखान्यात एक ठराविक मागणी सुरू होते. "डॉक्टरसाहेब, कोकणात चाललोय, घाटात आणि होडीत उलटी होऊ नये म्हणून गोळी लिहून द्या." गोळी आम्ही देतो. पण अलीकडे मी आधी विचारतो, "सहलीचा कार्यक्रम काय ठरलाय, तो सांगा पाहू." तो ऐकला, की बहुतेक वेळा वाटते, या मंडळींना गोळीपेक्षा आणखी एका दिवसाची गरज आहे.

गेल्या वर्षी ओळखीचे एक गृहस्थ असा कार्यक्रम कागदावर लिहूनच घेऊन आले होते. शुक्रवारी रात्री दहाला निघायचे, फोंडा घाट उतरून पहाटे सहाला मालवण. आठ वाजता स्कूबा डायव्हिंग. अकराला होडीने सिंधुदुर्ग किल्ला. दुपारी सुरमईचे ताट, तीनला देवबागचा संगम, संध्याकाळी तारकर्लीच्या समुद्रात डुंबणे. रविवारी वेंगुर्ले, सावंतवाडी, परतताना आंबोली आणि रात्री घरी. गाडी चालवणार ते स्वतः. बरोबर पत्नी, दोन मुले, मधुमेह असलेली आई आणि लहानपणापासून दम्याचा त्रास असलेला मेहुणा. हॉटेल, पेट्रोल, जेवण, डायव्हिंगचे शुल्क, सगळा हिशोब पै-पैचा मांडलेला होता. झोप मात्र त्या कागदावर कुठेच मांडलेली नव्हती.

कोकणात काही बरेवाईट झाले, की आपण समुद्राला दोष देतो. माझे मत असे, की निम्मा धोका आपण घरून निघतानाच बरोबर घेतलेला असतो. दोन दिवसांत पाच दिवसांची सहल कोंबायची आणि रात्र जागून निघायचे, ही आपल्या घाटावरच्या लोकांची सवय प्रकृतीच्या दृष्टीने फार वाईट आहे. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर झोपेच्या सर्वांत जास्त अधीन असते. नेमकी तीच वेळ आपण घाट उतरण्यासाठी निवडतो. त्यातून चालवणाऱ्यानेही उलटीची गोळी घेतली, तर संपलेच. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी हमखास गुंगी येते. मागे बसणाऱ्याने ती तास-दीड तास आधी जरूर घ्यावी, चालवणाऱ्याने हात लावू नये. पाण्याखाली उतरणार असाल, तर त्या सकाळी तुम्हीही घेऊ नका.

आता समुद्राकडे वळू. आपल्या भागातली माणसे पोहायला शिकतात ती विहिरीत नाहीतर कॅनॉलमध्ये. चांगली पोहतात. विहिरीच्या काठावरून मुटका मारणारी पोरे पाहिली, की मलाही कौतुक वाटते. पण विहिरीचे पाणी जागचे हलत नाही, आणि चार हात मारले की कडेचा दगड हाताला लागतो. समुद्रात तसे काही नाही. लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधते आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे तोच भाग शांत दिसतो. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथे उतरतो.

अशा ओढीत सापडले, तर किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहू नये. पट्टीचा पोहणाराही तिथे दमतो आणि दमलेला माणूस बुडतो. पाण्यावर तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर आडवे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे. वाचवायला जाणाऱ्यांनीही एकामागून एक उड्या घेऊ नयेत. दोर, रिकामा कॅन, चेंडू, जे तरंगते ते आधी फेकावे. एकाला वाचवताना दुसरा गेला, हे आपल्याकडे वारंवार घडते.

हे मी उगाच भीती घालण्यासाठी लिहीत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतले ८ जण गेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. पुणे काय, बेळगाव काय, दोन्ही गावे आपल्यासारखीच घाटावरची.

भरती-ओहोटीचा अंदाज घरच्या कॅलेंडरवरून काढता येतो, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल, तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. हा हिशोब मुंबईकडे बराचसा जुळतो. मालवणकडे भरती त्याहून थोडी लवकर येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी जास्त चढते आणि तेवढ्याच ओढीने उतरते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी नदी आणि समुद्र दोघांचे पाणी एकाच बाजूला धावते. सहलीची तारीख ठरवताना रविवार पाहतो तशी तिथीही पाहावी. शेवटचा शब्द मात्र तिथल्या मच्छीमाराचा. तो "आज पाण्यात जाऊ नका" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. आणि ज्याने मद्य घेतले आहे, त्याने पाण्यात घोट्यापर्यंतही जाऊ नये. यावर मला चर्चाच मान्य नाही.

स्कूबा डायव्हिंगविषयी लोक दोन टोकांनी बोलतात. काहींना ते जिवावरचे वाटते, काहींना जत्रेतल्या पाळण्यासारखे. दोन्ही खरे नाही. प्रशिक्षक बरोबर असेल आणि प्रकृती धडधाकट असेल, तर हा सुंदर अनुभव आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथले प्रवाळ आणि मासे आपल्या मुलांनी जरूर पाहावेत. पण पाण्याखाली शरीरावर काय घडते, ते समजून घ्या. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. पहिल्या एक-दोन मीटरमध्येच कान दुखू लागतात. नाक धरून हळूच फुंकर मारली, की कानातला दाब सारखा होतो. सर्दी असेल तर तो होत नाही, आणि जोर केला तर पडदा फाटतो. तेव्हा नाक वाहत असताना डायव्हिंग नाही, मग पैसे भरलेले असोत की नसोत. दुसरी गोष्ट, वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते आणि कोंडलेल्या हवेने फुप्फुस फाटू शकते. त्यासाठी फार खोली लागत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी एक फॉर्म भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, रक्तदाब, कानाचे किंवा छातीचे ऑपरेशन, गर्भावस्था असे प्रश्न त्यात असतात. आपली माणसे न वाचता सगळीकडे 'नाही' लिहून सही ठोकतात. "हो लिहिले तर उतरू देणार नाहीत ना!" असे मला वर त्या मेहुण्यानेच ऐकवले. मी म्हटले, त्यासाठीच तर तो फॉर्म आहे. दम्यात श्वासनलिका आखडते, हवा आत अडकते, आणि वर सांगितलेला धोका अशा माणसाला कितीतरी जास्त असतो. हा फॉर्म किनाऱ्यावर गर्दीत भरण्याचा नव्हेच. घरी आपल्या डॉक्टरांसमोर बसून या प्रश्नांची उत्तरे काढावीत, नंतर पैसे भरावेत. त्या मेहुण्याला मी होडीत बसून किल्ला पाहण्याचा सल्ला दिला. तो थोडा हिरमुसला, पण ऐकले त्याने. परतीला मोप्याहून किंवा दुसरीकडून विमान असेल, तर एका डायव्हिंगनंतर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त वेळा उतरला असाल तर १८ तास विमानात बसू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार आखणीत सर्वांत शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असते. अशी आई किंवा सासू भर दुपारी वाळूत अनवाणी चालली, तर तळव्याला फोड येईपर्यंत तिला कळत नाही. ती जखम महिनोन् महिने भरत नाही. वाळूत पायात बंद चप्पल हवीच. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेले छोटे मडके सोबत असले, तरी काम भागते. आणि सुटीच्या दिवसांत मालवणात जेवणाच्या ताटासाठी तासन् तास थांबावे लागते, हे लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतलेल्या माणसाची साखर तेवढ्यात धाडकन उतरते. ताट समोर आल्यावरच इन्सुलिन टोचावे, आणि पर्समध्ये बिस्किटे, साखर असू द्यावी.

माशांबद्दल एवढेच, की नीट बर्फात न ठेवलेला बांगडा खाल्ला, तर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठते, डोके ठणकते. शिजवल्याने किंवा तळल्याने ते द्रव्य नष्ट होत नाही. गर्दी असलेल्या, माल रोज संपणाऱ्या खाणावळीत जेवलेले बरे.

निसर्ग पर्यटन म्हणून आता आंबोली, तिलारी, दोडामार्गच्या जंगलात भटकंतीही सहलीत असते. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यांत खोचलेली विजार आणि रात्री हातात बॅटरी, एवढे पथ्य पुष्कळ काम करते. कोकणात फुरसे पुष्कळ, आणि ते लहान असल्याने चटकन दिसत नाही. दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडताप आढळला. गोचिडीच्या चावण्यातून होणारा हा ताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. हिवाळ्यापासून मेपर्यंत त्याचा मोसम. म्हणून जंगलातून आल्यावर काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का ते पाहावे. लहान मुलांचे अंग आईने स्वतः तपासावे. आणि पाण्याखाली प्रवाळाला हात-पाय लावू नका. तो सजीव असतो, तुटला की पुन्हा वाढायला वर्षे जातात. शिवाय त्याने झालेली खरचट फार चिघळते.

मग सहल आखावी कशी? त्या गृहस्थांच्या कागदावर मी खुणा केल्या, त्या अशा. शुक्रवारी पहाटे झोप घेऊन निघा, दुपारी पोहोचा, संध्याकाळी वाळूत बसून सूर्यास्त पाहा. समुद्रात जायचे ते शनिवारी सकाळी, पोटात हलके अन्न घालून, अंगात लाइफ जॅकेट घालून. भर दुपारी घरात आडवे व्हा. रविवारी घाट चढा. "रजा मिळत नाही हो," ते म्हणाले. मिळत नसेल तर आंबोली गाळा, वेंगुर्ले गाळा. आंबोली कुठे पळून जात नाही. पावसाळ्यात आंबोली एकटी पाहण्यासारखी असते, आणि तेव्हा समुद्रावरचे खेळ बंदच असतात. हॉटेल ठरवताना आणखी एक चौकशी करावी, सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका तिथेही येते.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, हे प्रकार अजून चालतात, ते बंद झाले पाहिजेत. श्वास नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. शुद्धीवर आलेला माणूस खोकत असेल किंवा त्याला धाप लागत असेल, तर "आता बरा आहे" म्हणून खोलीवर नेऊ नये. फुप्फुसाला सूज काही तासांनीही येते. त्याला रुग्णालयात काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते.

सहलीहून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणालाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, की आम्ही अमुक तारखेला कोकणात होतो, जंगलात गेलो होतो, किंवा साचलेल्या पाण्यात, भातशेतात उतरलो होतो. माकडताप, लेप्टो, मलेरिया यांचा ताप पहिल्या दोन दिवसांत साध्या तापासारखाच दिसतो. तुम्ही सांगितलेत, तर आम्ही त्याच दिवशी योग्य ती रक्ततपासणी करू शकतो.