चिठ्ठीवरची तीन नावं

पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावची बातमी मला धाकट्या भावाच्या फोनवरून कळली. १७ एप्रिल २०२०, शुक्रवार. ईस्टर होऊन पाच दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे चर्चला कुलूप होतं आणि मसोलीच्या घरात मी एकटी होते. भाऊ म्हणाला, "ताई, काल रात्री जमावानं तिघांना मारलं. दोन साधू आणि गाडीचा ड्रायव्हर. पोरं पळवणारे समजून." मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मारणाऱ्यांत आपलं कुणी नव्हतं ना?"

'आपलं' म्हणजे ख्रिस्ती. मेलेले कोण, कुठले, त्यांच्या मागे कोण आहे, यातलं काही मी विचारलं नाही. ते साधू मुंबईहून सुरतेला आपल्या गुरूच्या अंत्यविधीसाठी निघाले होते, हे मला नंतर समजलं. म्हणजे मयताला चाललेली माणसं. आमच्याकडे मयताला निघालेल्याची वाट कुणी अडवत नाही. इथे ती अडवली, तिघांचा जीव गेला, आणि रोज माळ जपणारी, साठी ओलांडलेली मी आधी आपल्या माणसांच्या बचावाला धावले.

आपल्यावर बोट येईल या भीतीला कारणं होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा त्याआधी कित्येक रात्री पाड्यापाड्यांतून फिरत होती, माणसं काठ्या घेऊन जागत होती, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर बोट मिशनऱ्यांकडे वळलं. एरवीही ख्रिस्ती झालेल्या आदिवासीला आपण आदिवासी आहोत हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. राज्यघटनेनं अनुसूचित जमातीला धर्माची अट घातलेली नाही, तरी आम्हाला यादीतून काढा म्हणून मोर्चे निघतात. मी वारली आहे. माझी आजी कणसरी देवीपुढे हात जोडायची, मी येशूपुढे जोडते. भात दोघींनी एकाच शेतातला खाल्ला. ज्याला सारखं दारात उभं करून ओळख विचारतात, त्याला शेजारच्या घरातलं रडणं उशिरा ऐकू येतं. पण एवढ्यानं माझा तो प्रश्न माफ होत नाही.

आमच्यात २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. कबरी झाडायच्या, फुलं आणि मेणबत्त्या ठेवायच्या, आणि मिस्साआधी आपापल्या मृतांची नावं चिठ्ठीवर लिहून द्यायची. २०२० साली त्या दिवशी चर्च बंदच होतं. २०२१ साली मी चिठ्ठीवर आई आणि बाच्या नावाखाली आणखी तीन नावं लिहिली, गडचिंचल्यात मारल्या गेलेल्या तिघांची. चिठ्ठ्या गोळा करणाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "बाई, ही नावं नको. राजकारण होईल." फादरांनीही तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. ते चर्च कुठलं, फादर कोण, हे मी सांगणार नाही. त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसून राहिले, कम्युनियन घ्यायला उठले नाही. पुढे कित्येक रविवार पाय चर्चकडे वळेनात.

राजकारण होईल, या धाकावर आमची शांतता उभी आहे. २०२४ च्या जूनमध्ये पालघर लोकसभेला कमळ निवडून आलं, नोव्हेंबरमध्ये डहाणू विधानसभेला विळा-हातोडा. माझे दोन भाचे या दोन बाजूंना आहेत आणि रविवारी एकाच बाकावर बसतात. इथं होऊ घातलेल्या वाढवण बंदरानं मासेमारी बुडेल म्हणून एक बाई डोळे पुसत प्रार्थना करते, तिच्या मागचा पोरगा त्याच बंदरात नोकरी लागू दे म्हणून मेणबत्ती लावतो. 'एकमेकांना शांती द्या' असं फादर म्हणाले की सगळे वळून हात जोडतात. अंगणात आल्यावर एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही याला एकी म्हणतो.

मी लहानपणी वेगळं पाहिलं आहे. बा लाल बावट्याचा. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची सभा झाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वेठ करणार नाही, पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये घेणार, हे तो शेवटपर्यंत सणाच्या गाण्यासारखं सांगायचा. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड गेला, हे सांगताना त्याचा आवाज बसायचा. पुढे आई ख्रिस्ती झाली. बा तिला म्हणायचा, "तुझा देव सुताराचा पोर. मजुरी करणारा. त्याला मी नाही म्हणत नाही. पण सावकाराच्या चाबकाबद्दल त्याच्या देवळात कुणी बोलत का नाही?" आईजवळ उत्तर नव्हतं. ती त्याच्या मोर्च्यासाठी भाकऱ्या थापायची आणि तो परत येईपर्यंत माळ जपायची. दोघं खूप भांडले, पण एकमेकांना गप्प केलं नाही. त्या घरात मला देवही मिळाला आणि हक्कही.

चर्चवर रुसलेली मी काही पहिली नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं मिशनचं काम केलं आणि १९१७ मध्ये मिशन सोडलं. ख्रिस्ताला सोडलं नाही. 'देवाचा दरबार' मांडून त्यांनी बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकत्र बसवलं. दोन वर्षांत ते गेले. आत राहून बोलणारेही झाले. डहाणू-तलासरी ज्या वसई धर्मप्रांतात येतात, त्याच धर्मप्रांताचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरवाईसाठी उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना विरोध झाला, तरी आजारी शरीरानं ते गेले आणि बोलले. मला टिळकांची वाट जवळची वाटत होती. मी दिब्रिटोंच्या वाटेनं परत आले, त्याचं कारण भावाचा तो फोन.

एका रात्री माझ्या लक्षात आलं, की 'राजकारण होईल' हे माझ्याच प्रश्नाचं दुसरं रूप आहे. फादरांना भीती होती, त्या चिठ्ठीवाल्याला भीती होती, आणि दोघांच्याही आधी मला होती. मी चर्चवर रागावले होते आणि त्या चर्चचा एक खांब मीच होते.

म्हणून मी आता जे मागते, ते स्वतःकडूनही मागते. चर्चनं कुणाला मत द्या हे वेदीवरून सांगू नये. मला चर्चकडून पक्ष नको. पण वाटेवर मार खाऊन पडलेल्या माणसाची गोष्ट येशूनं सांगितली, त्यात त्या माणसाचा धर्म तो सांगत नाही. याजक मात्र बाजूनं निघून गेला, हे आठवणीनं सांगतो. आदिवासींसाठी काम करणारे ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कैदेत असताना वारले, तेव्हा आम्ही मेणबत्त्या लावल्या, रडलो. ते योग्यच होतं. त्याच वर्षी, चार महिन्यांनी, माझ्या चिठ्ठीवरची तीन नावं नको झाली. आपल्या मृताला न्याय मागणाऱ्यानं दुसऱ्याच्या मृताचं नाव उच्चारायला घाबरू नये. गडचिंचल्याच्या त्या खुनांसाठी शंभरहून जास्त माणसं पकडली गेली. गुन्ह्याचा न्याय न्यायालय करील. त्या पकडलेल्यांच्या मागे राहिलेल्या बायकापोरांसाठीही आम्ही हात जोडायला हवेत, आणि यातलं एक केल्यानं दुसरं पुसलं जात नाही.

आणखी एक. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या खोलीत चटया टाका. बंदर, वनहक्काचे दावे, यादीतून काढण्याची मागणी, एकमेकांची भीती, सगळं तिथं निघू द्या. आवाज चढतील. माझ्या आईबापाचेही चढायचे. त्यानंतर दिलेली शांती हाताला खरी लागेल.

२०२१ नंतर दर २ नोव्हेंबरला मी तीच चिठ्ठी देते. दोनदा ती परत आली. गेल्या वर्षी चिठ्ठी घेणाऱ्यानं नावं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता घडी घालून टोपलीत टाकली. मिस्सात ती नावं कुणी घेतली नाहीत. पण टोपली वेदीपाशी नेऊन ठेवली, तेव्हा आई आणि बाच्या शेजारी ते तिघं त्यात होते. मी उठले आणि कम्युनियनच्या रांगेत उभी राहिले.