आधी निदान, मग शिक्का

फौजेत तीन अक्षरांना फार वजन आहे. बी.ई.आर. म्हणजे बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. दुरुस्त करायला गेलं तर परवडणार नाही, असा त्याचा अर्थ. गाडी असो, जनरेटर असो, नाहीतर लंगरातला बर्नर असो, एकदा कागदावर ही अक्षरं पडली की त्या वस्तूची नोकरी संपली. तिच्या आधीची पायरी बी.एल.आर.ची, म्हणजे बियाँड लोकल रिपेअर. आमच्याकडे होत नाही, वर पाठवा. या दोन शिक्क्यांतला फरक ज्याला कळतो तो चांगला मेकॅनिक. "मला येत नाही" आणि "होत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे तो जाणतो.

आज तक्रार हीच आहे. संगणकाच्या बाबतीत आपण सगळ्यांनी, फौजी काय आणि सिव्हिल काय, ही दोन वाक्यं एक करून टाकली आहेत.

सध्या मी ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर, तेजपूरच्या बाजूला आहे. इथे फॅमिली क्वार्टर्सच्या वेल्फेअर सेंटरमध्ये मुलांसाठी चार संगणक आहेत, २०१२ च्या सुमाराचे. (आधीच सांगून ठेवतो, हे कार्यालयातले संगणक नव्हेत. तिथले नियम वेगळे आहेत आणि या लेखातली कुठलीही युक्ती तिथे चालवायची नसते. पेन ड्राइव्ह तर नाहीच नाही.) एका वादळी रात्रीनंतर चारांपैकी दोन सुरूच होईनात. शहरातला दुकानदार आला, दोन्ही नेले, हार्ड डिस्क बदलल्या, विंडोज ७ ची जुनी तबकडी घालून परत आणले. सुरू झाले, पण इंटरनेट नाही. त्याचं निदान असं, की विजेने नेटवर्कचं पोर्ट जळालं आहे, या बोर्डाचे भाग आता मिळत नाहीत, चारही जुने आहेत, चारही बदला. कोटेशन दीड लाखाच्या वर.

आसामात वीज पडते हे खरं. पोर्ट जळतं हेही खरं. म्हणून कोणालाच शंका आली नाही. फाइल पुढे सरकणार, एवढ्यात आमचा सिग्नलचा एक नाईक, कराडकडचा, तिथे मुलीला न्यायला आला. त्याने वाकून संगणकाच्या पाठीमागे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पोर्ट जळलंय तर दिवा कशाला लुकलुकतोय?"

केबल लावली की पोर्टाजवळचा हिरवा दिवा लागत होता. म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाचा स्विच आणि इकडची चिप एकमेकांना ओळखत होत्या. मेलेली चिप सहसा रामराम घालत नाही. मग अडलं कुठे होतं?

ड्रायव्हर म्हणजे काय, हे एकदा साध्या भाषेत सांगतो. समजा मद्रास रेजिमेंटची तुकडी नागालँडच्या एखाद्या गावात गेली. जवानही धडधाकट, गावकरीही धडधाकट. पण एकाला तमिळ येतं, दुसऱ्याला त्याच्या गावची बोली. मध्ये दुभाष्या नसेल तर पाण्याची वाटसुद्धा विचारता येत नाही. विंडोज ही तुकडी, नेटवर्कची चिप हा गाव, आणि ड्रायव्हर हा दुभाष्या. दुभाष्या रजेवर गेला म्हणून गाव जळालं असं कोणी रिपोर्टमध्ये लिहील का? आमच्या दुकानदाराने नेमकं तेच लिहिलं होतं.

विंडोज ७ बाजारात आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. आमचे बोर्ड त्यानंतर तीन वर्षांनी बनलेले. २००९ च्या तबकडीला २०१२ ची चिप ठाऊक असणार कशी? पूर्वी हे संगणक चालत होते, कारण नवीन असताना बोर्डासोबत आलेल्या सीडीतून कोणीतरी ड्रायव्हर घातला होता. हार्ड डिस्क बदलली, त्याबरोबर तोही गेला. सीडी कधीच हरवली होती. इतका सरळ हिशेब आहे.

नाईकाने डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथे "इथरनेट कंट्रोलर" या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडी. तिथे एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यात व्हीईएन नंतरचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी आणि डीईव्ही नंतरची चार म्हणजे चिपचं मॉडेल. आमच्याकडे निघालं १०ईसी आणि ८१६८. पहिलं रिअलटेक कंपनीचं, दुसरं तिच्या गिगाबिट नेटवर्क चिपचं. गाडीच्या नंबर प्लेटवरून आर.टी.ओ. कळतं, तसंच हे. बोर्डावरचं नाव पुसलेलं असो, बिल हरवलेलं असो, ही पाटी पुसली जात नाही. ही एक ओळ वाचायला दुकानदाराला अर्धं मिनिट पुरलं असतं.

आता पुढचा पेच. ड्रायव्हर आहे इंटरनेटवर, आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय नाही. किल्ली कुलपाच्या आतच. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवायची आणि पेन ड्राइव्हवरून आणायची. तशी आणली, तर विंडोजने ती नाकारली, सही ओळखता येत नाही म्हणून. ६४-बिट विंडोजला ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही लागते. नव्या ड्रायव्हरवरची सही नव्या पद्धतीची होती. ती ओळखायला विंडोज ७ ला अपडेट हवं. अपडेटला इंटरनेट हवं. इंटरनेटला ड्रायव्हर हवा. पुन्हा तेच कुलूप, तीच किल्ली. आमचा गडी हसला आणि म्हणाला, "नवा दुभाष्या चालत नाय, तर जुना बघू." त्याने बोर्डाच्याच काळातला जुना ड्रायव्हर शोधला, घातला, आणि उद्गारचिन्ह गेलं. दोन संध्याकाळी आणि एक पेन ड्राइव्ह, एवढाच खर्च. दीड लाख वाचले.

इथे थांबलो असतो तर हा लेख एका हुशार नाईकाचं कौतुक झाला असता. ते कौतुक आहेच. पण माझं भांडण पुढे आहे.

पहिलं भांडण निदान न करता निकाल देणाऱ्यांशी. दुकानदाराला मी चोर म्हणत नाही. त्याला कदाचित खरंच वाटलं असेल की पोर्ट गेलं. पण त्याला वाटलं आणि आपण मान्य केलं, हा आपला दोष. गाडी बंद पडली तर आपण विचारतो की डिझेल आहे का, बॅटरी बघितली का. संगणकासमोर मात्र वीस वर्षं नोकरी केलेला माणूसही मान खाली घालून उभा राहतो. ई.एम.ई.चं ब्रीद "कर्म ही धर्म" आहे. त्या कर्मात पहिलं कर्म तपासणी हे येतं, निविदा मागवणं नंतर.

दुसरं भांडण वस्तू विकून कागद लपवणाऱ्यांशी. फौजेतल्या वाचकांना इथे एक जुनी गोष्ट आठवेल. १९८६ मध्ये आपण स्वीडनकडून ४१० बोफोर्स तोफा घेतल्या. पुढे लाचखोरीचे आरोप झाले, कंपनीशी व्यवहार थांबले, आणि सुट्या भागांसाठी आपल्या लोकांचे हाल झाले. त्याच तोफांनी १९९९ मध्ये कारगिलची शिखरं हलवली. पण त्या करारात तोफेच्या तंत्रज्ञानाची कागदपत्रंही मिळाली होती. ती वर्षानुवर्षं पडून राहिली. अखेर जबलपूरमध्ये ते कागद उघडले गेले आणि त्यांच्या आधारावर धनुष तोफ उभी राहिली. पहिल्या सहा धनुष तोफा ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराला मिळाल्या. पुरवठादार पाठ फिरवतो तेव्हा तुमच्या हातात कागद आहेत की नाहीत, यावर तोफ जगते.

नेटवर्कची चिप म्हणजे तोफ नव्हे, हे मलाही कळतं. पण तत्त्व तेच. संगणक विकणाऱ्या कंपन्या काही वर्षांनी जुन्या मॉडेलचं पान संकेतस्थळावरून काढून टाकतात. त्याबरोबर ड्रायव्हर जातो. मग माणूस शोधत शोधत "मोफत ड्रायव्हर अपडेट" म्हणणाऱ्या भलत्याच ठिकाणी पोहोचतो आणि ड्रायव्हरऐवजी व्हायरस घरी आणतो. काही एमबीची फाइल सांभाळून ठेवायला त्या कंपन्यांना किती खर्च येतो? ती काढून टाकली की गिऱ्हाईक नव्या यंत्राकडे वळतं, हा फायदा मात्र नक्की होतो.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते चुकीचं नाही. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर मायक्रोसॉफ्टने सामान्य वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेट देणं बंद केलं. असा संगणक इंटरनेटला जोडणं म्हणजे संत्री नसलेलं गेट. मग एवढी खटपट करून ते गेट उघडायचं कशाला? मला हा प्रश्न मान्य आहे, पण त्याचं उत्तर यंत्र फेकणं हे नाही. जुनी झाली ती विंडोज. यंत्र अजून कामाचं आहे.

आम्ही तेच केलं. नाईकाने पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं आणि काहीही इन्स्टॉल न करता नुसतं त्यावरून संगणक चालवून पाहिला. केबल लावली, इंटरनेट सुरू. सीडी नाही, उद्गारचिन्ह नाही, सहीचा घोळ नाही. कारण या चिपचा ड्रायव्हर, आर८१६९ नावाचा, लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. जगातल्या कुणा कुणा लोकांनी तो लिहिला, उघडा ठेवला आणि आजही सांभाळला आहे. कंपनीने पान काढलं तरी तो जात नाही. विंडोज ७ वर दोन संध्याकाळी घेणारं काम इथे आपोआप झालं. आता चारही संगणकांवर मिंट आहे, आणि जवानांची मुलं त्यावर अभ्यास करतात, परीक्षेचे फॉर्म भरतात. तो नियम-सुरक्षेचा मुद्दाही सुटला, कारण अपडेट मिळतात.

प्रत्येक यंत्र वाचतं असं मी म्हणत नाही. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील, किंवा प्रोसेसर जुन्या ३२-बिट पिढीचा असेल, तर हट्ट धरू नये. डेबियनसारख्या जुन्या, भरवशाच्या लिनक्सनेही २०२५ च्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीवरचं इन्स्टॉलेशन थांबवलं. तिथे बी.ई.आर.चा शिक्का मारा, मी सही करतो. पण तपासून मारा.

हा प्रश्न आता आणखी मोठा होणार आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणजे चांगली चालणारी यंत्रं देशभरात दारातून बाहेर पडणार. ती जातात कुठे? कागदावर २०२२ चे ई-कचरा नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू. प्रत्यक्षात दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही नावं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना सर्किट बोर्ड उघड्यावर कसे जाळतात आणि तो धूर कोणाच्या फुप्फुसात जातो हेही ठाऊक आहे. इकडे एक ड्रायव्हर सापडला नाही, म्हणून तिकडे एखादं पोर तांब्यासाठी तारा जाळत बसतं.

वाचकांत निवृत्त मंडळी बरीच आहेत, म्हणून शेवटी त्यांच्याशी थोडं. गावी तुमच्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक कपाटावर झाकून ठेवलेला असेल. "नेट चालत नाही" म्हणून कोणीतरी सांगितलं असेल. तो खाली काढा. मागचा दिवा बघा. हार्डवेअर आयडीची ओळ वहीत लिहून घ्या. फॉरमॅट मारायच्या आधी नेटवर्कचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवा, नंतर नव्हे. काही सुचलं नाही तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने पहिली अडचण सुटते. आणि दुकानदार "गेलं" म्हणाला, तर नम्रपणे एकच प्रश्न विचारा: काय गेलं, आणि ते तुम्ही कसं तपासलंत?

युनिटमधल्या माझ्या बंधूंना एवढंच म्हणेन, की संगणक कंडेम करायच्या कागदावर एक ओळ वाढवा. कोणता भाग बिघडला आणि तो बिघडल्याचा पुरावा काय. ती ओळ भरता आली नाही तर कागद परत पाठवा.

तो नाईक पुढच्या महिन्यात बदलीवर जातोय. जाण्याआधी त्याने चारही संगणकांच्या पाठीमागे पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि त्यावर चिपचा नंबर मार्करने लिहून ठेवला आहे. त्याच्या जागी जो येईल त्याला उघडून शोधावं लागू नये म्हणून.

जय हिंद.