विवरणपत्र मालकाचे, भाकरी कामगाराची



नोकरी जाते ती कारखान्याच्या फाटकावर. पण नोकरी गेल्यावर मिळणारा भत्ता जातो तो मालकाच्या कचेरीत, विवरणपत्राच्या एका रकान्यात. रिसालीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडत आहोत.

रिसाली ही भिलाई पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेली वस्ती. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून रेल्वेच्या आणि कारखान्याच्या कामाला आलेली मराठी कुटुंबे येथे आहेत. थोरल्या पिढीला कायम नोकरी आणि क्वार्टर मिळाले, धाकटीच्या हाती ठेकेदाराचा गेटपास आला. अशाच एका तरुणाचा ठेका संपला आणि तो घरी बसला. पगारातून ईएसआयची कपात होत होती, म्हणून बेकारी भत्त्याची चौकशी करायला तो कचेरीत गेला. परत आला तो तोंड पाडून. "काका, ते म्हणतात माझे दिवसच भरत नाहीत. मी तर एक खाडा केला नाही!"

त्याची नोंद आम्ही मोबाईलवर उघडून पाहिली. दर महिन्याला 12 दिवस हजेरी! काम 25-26 दिवसांचे, कागदावर 12.

बारा आणि तेरा यांतले अंतर

हा 12 चा आकडा चुकून पडलेला नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून सुरू झाली. विमाधारक कामगार बेकार झाला तर सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के भत्ता, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि तोही आयुष्यात एकदाच, असे तिचे स्वरूप होते. 2020 च्या टाळेबंदीत हा दर 50 टक्के झाला आणि अटी सैल झाल्या. दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. बेकारीच्या लगेच आधीच्या सहामाहीत निदान 78 दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीतही 78 हवेत.

आता हिशेब करा. महिना 13 दिवस धरले तर सहा महिन्यांचे 78 होतात. 12 धरले तर 72. सहा दिवस कमी, भत्ता शून्य!

ठेकेदार असे का करतो? समजा किमान वेतन रोजी 500 रुपये आहे. 25 दिवसांचे साडेबारा हजार होतात. तो हातावर ठेवतो सहा हजार आणि कागदावर लिहितो 12 दिवस. 500 गुणिले 12 म्हणजे सहा हजार, म्हणजे कायदा पाळला! शिवाय मालकाचा 3.25 टक्के हिस्सा 406 रुपयांवरून 195 वर येतो. एका खोट्या आकड्यात मजुरीची चोरी, विम्याची चोरी आणि बेकारी भत्त्याची चोरी, अशा तीन चोऱ्या लपतात.

अमेरिकेचा फॉर्म 940

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत काय चालते तेही पाहू. तेथे मालकाला दर वर्षी फॉर्म 940 नावाचे विवरणपत्र भरावे लागते. आदल्या वर्षाचा हिशेब 31 जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. प्रत्येक कामगाराच्या पहिल्या 7000 डॉलर वेतनावर 6 टक्के बेकारी कर लागतो. राज्याचा बेकारी कर वेळेवर भरला असेल तर 5.4 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. या केंद्रीय करापोटी कामगाराच्या पगारातून एक सेंटही कापता येत नाही. महामंदीत लाखो लोक रस्त्यावर आले, तेव्हा 1935 च्या कायद्याने हे घडले. रेल्वे कामगारांसाठी तर तेथे 1938 पासून बेकारी विम्याचा वेगळा कायदा आहे आणि त्याचाही भार मालकावरच आहे.

तेथे रामराज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. 7000 डॉलरची ती मर्यादा 1983 पासून हललेली नाही. पण बेकारीचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे आणि तो मालकाने कायद्याने भरायचा, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे.

आपल्याकडे? 1948 च्या ईएसआय कायद्यात आजारपण, बाळंतपण, अपंगत्व, आश्रितांचे लाभ होते, बेकारी नव्हती. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली 1 एप्रिल 2005 रोजी. तोवर मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे थंड झाले होते. 1982 च्या संपानंतर जे गिरणी कामगार घरी बसले, त्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. आजही हा भत्ता म्हणजे मुदत वाढवत चालवलेली योजना आहे, कायद्याने दिलेला हक्क नव्हे. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनी कारखाना बंद करण्यास सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांवर नेली. दार मालकासाठी मोठे केले, पण बाहेर पडणाऱ्याच्या झोळीत काय घातले?

भिलाईला हा प्रश्न नवा नाही. ठेका मजुरांना कायम करा, जगण्यापुरते वेतन द्या, या मागण्यांच्या लढ्यात 1991 साली शंकर गुहा नियोगी यांचा खून झाला. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. कागदावर पूर्ण कामगार म्हणून नोंद व्हावी, एवढ्यासाठीही येथे रक्त सांडले आहे.

आपले काम

आम्हाला याचे काय, असे रेल्वे आणि टपाल कामगारांनी म्हणू नये. डबे धुणारे, फलाट झाडणारे, टपालाच्या थैल्या वाहणारे ठेका मजूर आपल्याच खांद्याला खांदा लावून राबतात. त्यांच्या ठेकेदाराचे बिल आपल्याच कचेरीतून पुढे सरकते. बिलाला विम्याचे चलन जोडले आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. सोबत नावानिशी यादी आहे का, तिच्यातले दिवस हजेरीबुकाशी जुळतात का, हे युनियनने विचारले पाहिजे. रेल्वेने 2018 मध्ये ठेका मजुरांच्या वेतनासाठी श्रमिक कल्याण पोर्टल सुरू केले. तेथे चढवलेले आकडे खरे की खोटे, हे फलाटावरच्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? ज्या मजुराला वाचता येत नाही त्याला शेजारी बसवून त्याची नोंद मोबाईलवर दाखवा. तीही सहामाही संपण्याआधी. नोकरी गेल्यावर नव्हे.

आमच्या मागण्या साध्या आहेत :

1. मालकाने भरलेल्या दिवसांची छापील पावती दर सहामाहीला कामगाराच्या हाती पडावी.

2. मालकाने वर्गणी बुडवली तरी कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची तरतूद जुन्या कायद्याच्या कलम 68 मध्ये होती. तोच न्याय खोट्या दिवसांना आणि बेकारी भत्त्याला लावावा.

3. ठेकेदाराने दिवस चोरले तर मुख्य मालकाला, मग तो सरकारी असला तरी, जबाबदार धरावे.

4. बेकारी भत्ता योजनेतून काढून कायद्यात घालावा.

त्या तरुणाची हजेरी आम्ही त्याच्या सोबत्यांच्या साक्षीने लिहून काढली आणि अर्ज दिला. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आता त्याच्याबरोबरचे सगळे जण महिन्याच्या महिन्याला आपला आकडा पाहतात. मालकाच्या कागदावर कामगाराची नजर असणे, ही संघटनेची पहिली पायरी आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!