एक टप्पा ट्रेनने

"एकटी जाणार? सायकलवर? आणि झोपणार तंबूत?" आईने एका दमात तीन प्रश्न विचारले. मी म्हटलं, "हो." मग तिने एकच अट घातली: रोज संध्याकाळी फोन.

गेल्या नोव्हेंबरात मी तैवानला सायकलने वळसा घालायला निघाले. तिथे या बेटप्रदक्षिणेला 'हुआनदाओ' म्हणतात. अंतर साधारण हजार किलोमीटर. २००७ साली जायंट या सायकल कंपनीचे संस्थापक किंग लिऊ यांनी वयाच्या ७३व्या वर्षी ती पूर्ण केली होती. मी तर पंचविशीतली! मनाशी पक्कं केलं, अख्खं बेट पेडल मारतच पार करायचं. एक किलोमीटरही गाडीत बसायचं नाही.

तैपेईहून पश्चिम किनाऱ्याने खाली उतरले. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे या दिशेने गेलं की समुद्र आपल्याच बाजूला राहतो. रस्ता सपाट, पण शहरं आणि सिग्नल संपता संपत नाहीत. ईशान्येचा वारा मात्र पाठीवर होता. जेवणाची चिंता होती, तीही मिटली. अनेक शाकाहारी खाणावळींच्या पाटीवर चक्क स्वस्तिकासारखं चिन्ह असतं!

दक्षिणेकडे एका संध्याकाळी टायर पंक्चर झालं आणि माझा पंपही चालेना. समोर पोलीस ठाणं होतं. आपल्याकडे मुलगी एकटी असली की ठाण्याची पायरी चढायला कचरते, तशीच मीही कचरले. पण तिथल्या बऱ्याच ठाण्यांत सायकलवाल्यांसाठी पंप, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय असते. भाषा कळत नसतानाही दहा मिनिटांत काम झालं. त्या दिवशी समजलं, एकटं फिरायचं म्हणजे मदत मागायची नाही, असं नव्हे.

शौका हा सुमारे ४६० मीटर उंचीचा घाट चढून मी पूर्व किनाऱ्याला आले. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि तोच वारा आता समोरून! जिंगपू गावात कर्कवृत्ताची खूण उभी आहे. आईला फोनवर सांगितलं, "अगं, आपल्या उज्जैनजवळून जाते ना, तीच रेघ!" ती हसली. जवळच शितीपिंगला समुद्रालगत लाकडी फळ्यांच्या ओट्यांवर तंबू लावता येतो. आधीच्या रात्री जरा खुट्ट झालं की जाग यायची. इथे लाटांच्या आवाजात गाढ झोप लागली.

खरी परीक्षा हुआलिएनला होती. तिथून उत्तरेला सुआओपर्यंतचा सुहुआ महामार्ग समुद्रावरच्या उभ्या कड्यांतून जातो. वळणं, मोठे ट्रक, पावसात दरडी. सायकलस्वारांना हा टप्पा रेल्वेने पार करण्याचा सल्ला दिला जातो. मी तो आधीच वाचला होता आणि मनातल्या मनात खोडूनही टाकला होता. पण सकाळी उठले तर पाऊस कोसळत होता. तरीही मी हेल्मेट घातलं. मग स्वतःला विचारलं, हा हट्ट नेमका कोणासाठी? फोटोखाली 'संपूर्ण' हा शब्द लिहिता यावा म्हणून?

सायकल थेट स्टेशनवर नेली. ठरावीक गाड्यांत ती तशीच चढवता येते, इतर गाड्यांत पिशवीत बांधून. खिडकीबाहेर बोगदे सरकत होते आणि मी हिरमुसून बसले होते. संध्याकाळी आईला सांगितलं, "एक टप्पा ट्रेनने केला गं." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आज मला शांत झोप लागेल."

बाराव्या दिवशी तैपेईला परतले. आता कोणी विचारलं, "पूर्ण केलंस?" तर मी "हो" म्हणते आणि ट्रेनचंही सांगते.

तुम्हीही असं कुठे निघणार असाल, तर वादळांचे जुलै ते सप्टेंबर हे महिने टाळा. सामान कमी घ्या, घरी रोज फोन करा. आणि कुठे थांबायचं, हे ठरवायची मुभा स्वतःला जरूर द्या. तिकिटाचे थोडे पैसे जातात, पण आपण सुखरूप घरी येतो.