स्पर्शावांचून हात

नागपुरी संत्र्याची साल सैल व नाजुक. जोर जरासा अधिक झाला कीं आंतील फोडी चेपल्याच. बाजारांतील संत्रेवालीच्या बोटांस हें न पाहतां कळतें, लोखंडी यंत्रास कळत नाहीं. म्हणून अलीकडे रबरासारख्या मऊ पदार्थाचे यंत्रहस्त करूं लागले आहेत. तथापि हात मऊ झाला म्हणजे तो जाणता झाला असें नव्हे.

त्यास जाण देण्याची एक युक्ति आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. ताणल्या जाणाऱ्या रबरांत बारीक नळी ठेवून तींत द्रवरूप धातु भरतात. रबर ताणलें कीं नळी लांब व अरुंद होते, आणि विजेस होणारा विरोध वाढतो. लांबी दुप्पट झाली तर छेद निम्मा, म्हणजे विरोध चौपट. तो मोजला कीं ताण कळला. १९५३ मध्यें व्हिटने नांवाच्या संशोधकानें पाऱ्यानें भरलेली रबरी नळी मनुष्याच्या हातापायांभोंवतीं गुंडाळून त्यांच्या आकारमानांतील फरक मोजले. पारा विषारी, म्हणून आतां गॅलियम व इंडियम यांचा मिश्रधातु घेतात. (निव्वळ गॅलियम सुमारें ३० अंशांवर वितळतो, आपल्या वैशाखांत तो कपाटांतच पातळ होईल!)

हा श्रीमंतांचा खेळ आहे असें कित्येक पालकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. बाबा आमटे यांनीं १९४९ मध्यें महारोगी सेवा समिति स्थापिली, ती याच विदर्भांत. स्पर्शावांचून हात म्हणजे काय, हें येथें निराळें सांगावयास नको. वेल्लोर येथील डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं कुष्ठरोग्याचीं बोटें बहुधा रोगानें झडत नाहींत. वेदनाच नसल्यामुळें भाजणें, कापणें लक्षांत येत नाहीं व तीं झिजतात. पुढें अमेरिकेंत त्यांनीं दाब ओळखणारे हातमोजे करविले. दाब अधिक झाला कीं इशारा मिळे. परंतु काम अडूं लागलें म्हणजे रोगी तो बंद करीत. अखेर तो उद्योग सोडून द्यावा लागला.

म्हणून आमचें मत असें कीं यंत्रहस्तांत जाण आधीं यावी, जोर मागाहून. आणि ती जाण थेट बोटें थांबविणाऱ्या तारेशीं जोडावी. ती बंद करण्याची कळ घाईंत असलेल्या माणसाच्या हातीं देऊं नये. उद्यां असेच हात रोग्यास उचलतील.

ज्यांस प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं पातळ रबरी नळींत मिठाचें पाणी भरून विरोध मोजावा. एकाच दिशेची वीज दिल्यास टोकांशीं बुडबुडे येऊन माप बिघडतें. सबब उलटसुलट वाहणारी घ्यावी, परंतु अगदीं कमी दाबाची आणि शिक्षकांसमक्ष. घरच्या भिंतींतील मुळींच नव्हे.