झड कुठून येते?
ओसरी : साप्ताहिक सदर

लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या हिरवळीवर उन्हाळ्यात कुत्र्याचं घर आलं. ऑनलाइन मागवलेलं, पाइनच्या लाकडाचं, लाल उतरतं छप्पर, दारावर पितळी अक्षरांत नाव. जुलैत गेलो तेव्हा आतली गादी पिळून काढावी अशी झाली होती, आणि लॅब्रॅडॉर महाराज माळीमामांच्या खोलीपुढच्या पडवीत, सायकल आणि खताच्या गोण्यांच्या मध्ये अंग मुडपून पडले होते. मालक म्हणाले, "अजून सवय नाही त्याला." मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, झड कुठून येती ते त्याला कळतंय. सायबांना नाय कळत."

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात ७०० च्या आसपास. हा पाऊस सरळ पडला असता तर कुठलंही छप्पर पुरलं असतं. पण घाटमाथ्यावर तो आडवा येतो, कोकणातून चढलेल्या वाऱ्याबरोबर. या घराचं दार नेमकं पश्चिमेला होतं. का, तर दिवाणखान्याच्या काचेतून कुत्रा दिसायला हवा!

म्हणून दार पूर्वेला. छपराचा उतार मागच्या बाजूला, आणि पुढे हातभर वळचण. तळ जमिनीला टेकलेला नको. विटांवर किंवा लोखंडी पायांवर वीतभर उचललेला, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल, वाराही खेळेल. मात्र ती जागा झाडून मोकळी ठेवा. पालापाचोळा साठला की पावसाळ्यात तिथे घोणस येऊन बसते. वर पत्रा टाकणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: जोराच्या सरीत पाच मिनिटं त्याखाली स्वतः बसा. तो ताशा कुत्र्याच्या कानांना कसा लागत असेल ते समजेल. एप्रिलमध्ये तोच पत्रा तवा होतो.

मापाबाबत बंगलेवाल्यांचा हात नको तिथे सढळ असतो. कुत्र्याला उभं राहता आलं, वळता आलं, पाय पसरून झोपता आलं की झालं. त्याहून मोठं खोपट डिसेंबरच्या थंडीत अंगाच्या उबेनं तापत नाही.

अंथरुणाचं काय? आपल्याकडे सर्रास गोणपाट टाकतात. आषाढात ते एकदा भिजलं की आठवडाभर वाळत नाही, आणि ओलाव्यात कुत्र्याच्या कातडीला बुरशी धरते. त्यापेक्षा नायलॉनच्या पट्टीने विणलेली बुटकी खाट ठेवावी. लाकडाच्या फटीही बुजवा. गोचीड कुत्र्याच्या अंगावर कायम राहत नाही. रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालते. कुत्र्याला औषध लावून खोपट तसंच ठेवलं की महिनाभरात पुन्हा तेच, आणि गोचीडतापाने खंगलेला कुत्रा मग डॉक्टरकडे न्यावा लागतो.

आता ज्याबद्दल जाहिरात कधीच बोलत नाही ते. मावळात बिबट्या आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शेतीभागात संशोधकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के पाळीव-भटकी कुत्री निघाली. शेळ्यांपेक्षाही जास्त. गळ्यात साखळी असलेल्या कुत्र्याला पळायचीही सोय नाही. पाइनची फळी बिबट्याला काय अडवणार? कुरवंडे, भाजे, पवनेच्या काठाला, जिथे डोंगर अंगणाला लागून आहे, तिथे बाहेरचं घर दिवसापुरतं. रात्री कुत्रा घरात, नाहीतर वरूनही बंद असलेल्या, कडी लागणाऱ्या लोखंडी जाळीत. मोठ्या, राखणीच्या जातीचा कुत्रा आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

खरं सांगायचं तर शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींनी कुत्रा इथे ठेवावाच का, हा माझा जुना वाद आहे. सोमवार ते शुक्रवार तो मामांचा असतो. त्याच्या खर्चाचे पैसे मात्र मामांना मागून घ्यावे लागतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पुरेसा निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा आहे, माळ्याचा नव्हे. विनाकारण तासन्‌तास आखूड साखळीला बांधून ठेवणं हाही गुन्हाच. पहिल्या वेळचा दंड फार तर ५० रुपये. तेवढ्यात लोणावळ्यात पाव किलो चिक्कीही येत नाही, म्हणून कुणी भीत नाही.

तुंगार्लीच्या मालकांना मी हे सगळं सांगितलं, पितळी अक्षरांबद्दल सोडून. त्यांनी ते घर उचलून मामांच्या पडवीत, भिंतीला लावून ठेवलंय. दार पूर्वेला. लॅब्रॅडॉर अजून बाहेरच, सायकलीजवळ झोपतो, पण परवा मामा सांगत होते, दुपारी पाऊस वाढला की आत जाऊन बसतो.

— मावळकर