भिंतीवरची बुरशी

यंदा पाऊस सरला तेव्हा मागच्या खोलीच्या भिंती काळ्या बुरशीने भरल्या होत्या. रंगारी बोलावला. दार सताड उघडं, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि त्याने कोरडीच भिंत खरवडायला घेतली. त्या रात्री हिला दम्याची अशी उबळ आली की पहाटेपर्यंत बसूनच काढली.

चूक त्याची नव्हे, माझी. मी मूळचा मराठीचा, पण शास्त्राचेही तास घेतले आहेत. पावाच्या तुकड्यावरची बुरशी पोरांना कितीदा दाखवली असेल! तिचे बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे, तासन् तास हवेत तरंगणारे. लोक विचारतात, औषध कुठलं मारलंत? अहो, मेलेल्या बीजाणूंनीही धाप लागते. माझ्या मते आधी ते उडू न देणं महत्त्वाचं.

उरलेल्या भिंतींच्या वेळी हिला बहिणीकडे धाडलं. पंखा बंद. दाराला प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने लावला, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. भिंत साबणाच्या पाण्याने भिजवून मगच खरवडली. पोपडे खोलीतच पिशवीत बांधले. झाडू नाही, ओलं फडकं. करोनातले एन-९५ मास्क उरले होते, ते दोघांनी लावले. "गुरुजी, एवढं कशाला?" म्हणत रंगारी हसला, पण मास्क काढला नाही.

गच्चीची गळती मात्र अजून तशीच आहे. सोसायटीत विचारलं की "बघू" म्हणतात.